मधल्या भावाची जिन

दारूच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेली बाई म्हणून नात्यागोत्यात माझी ख्याती आहे. लग्नकार्यात एखादा भाचा जिनची बाटली घेऊन हळूच जवळ येतो आणि विचारतो, मावशी, फार महाग नाही, फार स्वस्त नाही, पैसे वसूल होतील का? वर ग्लासही पुढे करतो. मी ग्लास बाजूला सारते आणि तळहात पुढे करते. चार थेंब टाक म्हणते. तो हसतो आणि मला राग येतो. भाच्याचा नाही. राग जुना आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी केमिस्ट्रीतली बी.एस्सी., दौंडला राहायचे आणि शिरूरच्या अलीकडच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला होते. सकाळी दौंडहून एसटी पकडायची, चौफुल्याला गाडी बदलायची, पुढे न्हावऱ्याला मामा चढायचे. मामा म्हणजे आमच्या भट्टीवरचे ऑपरेटर. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि जन्मात दारूचा थेंब नाही. मीही दर रविवारी विहारात पंचशील घेणारी, आणि पाचवं शील दारूचंच. सबंध कारखान्यात जिन कळणारी माणसं आम्ही दोघंच, आणि दोघांनीही ती कधी प्यायली नव्हती. मला यात काही विचित्र वाटत नसे. सोनाराला सोनं ओळखायला अंगावर दागिने घालावे लागत नाहीत.

आमच्याकडे जिन दोन प्रकारची निघायची. स्वस्तातली म्हणजे स्पिरिटात पाणी आणि एसेन्स घालायचं, ढवळायचं आणि बाटल्या भरायच्या. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. ती स्वतःला दुसरं काही म्हणवून घेत नव्हती. मधल्या भावाची मात्र तांब्याच्या भट्टीतून निघायची. परदेशातून येणारी जुनिपरची काळपट फळं, आपले धने, लिंबाची वाळलेली साल, हे सगळं स्पिरिटात भिजत घालून मामा ते पुन्हा उकळायचे. गावोगावचे पिणारे ज्या पहिल्या धारेचं कौतुक करतात ती मामा बाजूला काढायचे, शेवटचीही काढायचे, घ्यायचे ती फक्त मधली.

कुठं थांबायचं ते मामांना तळहात सांगायचा. चार थेंब हातावर घ्यायचे, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे आणि जरा दम धरायचा. स्पिरिट उडून जातं, मागे उरतं ते खरं. चांगल्या जिनचा आधी फळाचा वास येतो, मग धन्याचा, मग सालीचा, आणि त्यानंतर हात स्वच्छ होतो. एसेन्सचे सगळे वास एकदम अंगावर येतात आणि स्वस्त उदबत्तीसारखे हाताला चिकटून बसतात. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, मामांनी शिकवलं. मी यंत्रावर तासभर घालवून जो आकडा काढायचे तो मामांनी तळव्यावर आधीच सांगितलेला असायचा.

मग पुण्याहून सेल्सचे नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं असं की मधल्या भावाच्या बाटलीतसुद्धा एसेन्सचाच माल भरावा. लेबल तेच, भाव तोच. लेबलवर तांब्याच्या भट्टीचं चित्र होतं, तेही तसंच ठेवायचं. पिणाऱ्याला काय कळतंय, असं ते चहाच्या कपावरून सहज म्हणाले. मॅनेजर म्हणाले, आपण पॅनेलसमोर ठेवू. पाच जणांसमोर दोन ग्लास ठेवायचे, अ आणि ब. भट्टीची कुठली ते पॅनेलला ओळखता आलं नाही तर भट्टी बंद करायची. भट्टी बंद म्हणजे मामा घरी, हे कुणी बोललं नाही, पण शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मामांची पन्नाशी उलटलेली, आणि या एका कामाखेरीज दुसरं कुठलंच काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

हे पॅनेल म्हणजे काय ते सांगायलाच हवं. मॅनेजर, सेल्सचे साहेब, आणि ऑफिसातले आणखी तिघे. दर गुरुवारी चारनंतर केबिनमध्ये बसायचे. टेबलावर लाइम कॉर्डियल, सोडा, बर्फ, फरसाण आणि वर लिंबू पिळलेला चिरलेला कांदा. कांदा खाऊन जिन जोखणारे महाभाग मी तिथंच पाहिले. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. इथं गाढवांच्याच हाती गुळाचा भाव ठरवणं आलं होतं.

मी मॅनेजरांकडे गेले आणि मला पॅनेलवर घ्या म्हणाले. त्यांनी फॉर्म काढून त्यावरच्या चवीच्या कॉलमवर बोट ठेवलं.

"मॅडम, न पिता इथं काय लिहिणार?"

मी सांगितलं, हातावर घेऊन वासाने सांगते. नाही तर तोंडात घेऊन थुंकते, जगभर चव बघणारे थुंकतातच. ते हसून म्हणाले, माझ्या केबिनमध्ये थुंकायची सोय नाही. घोट घेईल त्याचंच मत धरणार. मला तेव्हा तो फॉर्म फाडून त्यांच्या टेबलावर टाकावासा वाटला. टाकला नाही. गुरुवारी मी केबिनमध्ये सहावी खुर्ची ओढून बसले.

आधी मी तळहातांवर घेतलं, अ डाव्यावर, ब उजव्यावर, आणि दोन्ही मिसळू नयेत म्हणून या वेळी तळवे चोळले नाहीत. अ एसेन्सची, ब भट्टीची. चुलीवर भाकरी आहे की भात हे वासावरून कळावं इतकं सरळ होतं ते. मग सगळ्यांच्या देखत दोन्ही ग्लासांतला एकेक घोट घेतला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. त्या घोटांनी मला नवीन काहीच सांगितलं नाही, उलट होतं तेवढंही पुसून टाकलं. मी फॉर्मवर ब लिहिलं आणि सही केली.

बाकीच्यांपैकी तिघांनी दोन्ही सारख्याच म्हणून लिहिलं. चौथ्याने अ पसंत केली, का तर तिचा वास दणदणीत येतो. मॅनेजरांनीही सारख्याच लिहिलं. भट्टी ओळखणारं मत एकच निघालं, माझं. आणि ते बरोबर होतं हे कळल्यावर सेल्सचे साहेब मागे रेलून म्हणाले, पहिल्याच घोटात ओळखलं म्हणजे बाईंना सवय दिसतेय. सगळे हसले. मीही कसनुसं हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते, त्यांच्याइतकीच माझ्यासुद्धा. एका मताने काय होतं, म्हणून कागद फाइलला लागला.

संध्याकाळच्या एसटीत मामा शेजारी बसले. तिकीट देताना कंडक्टरनं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मामांनी नाकाने जे ओळखायचं ते ओळखलंच.

"ताई, तुम्ही पिलात व्हय?"

मी सगळं सांगितलं. घोट घेतल्याशिवाय साहेब मत धरत नव्हते, तुमच्यासाठी घेतला, असं मी म्हणाले. मला वाटलं होतं, ते निदान बरं केलंत म्हणतील. ते खिडकीकडे वळले. न्हावरं जवळ आल्यावर पिशवी उचलून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"नोकरी गेली तर गेली. पर मी इतकी वरसं न पिता ह्यो धंदा केला. आज तुम्ही घोट घेतला आन् त्येंचंच खरं केलं. आता कुनीबी म्हनंल, पिल्याबिगर कळत न्हाई."

ते उतरले. चौफुल्याला गाडी बदलेपर्यंत मी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. डाव्या हाताला अजून एसेन्सचा वास होता. उजव्या हाताचा केव्हाच गेला होता.

पुढच्या महिन्यात भट्टी निघाली, तांबं भंगारात गेलं, मामा घरी बसले. मी नोकरी सोडली नाही. त्यानंतर सात वर्षं, भट्टीचं चित्र असलेल्या त्या बाटलीतल्या एसेन्सच्या मालाला माल योग्य म्हणून सही माझीच होती. एसटी न्हावऱ्याला थांबायची तेव्हा मी बाहेर बघत नसे, पर्समध्ये काहीतरी शोधत बसायचे.