खारीनं लपवलेले चिंचोके

राणीसावरगावला आमच्या बांधावर गोड चिंचेचं झाड होतं. आईनं लग्न होऊन आल्या वर्षी स्वतःच्या हातानं लावलेलं. रस्ता रुंद करताना ते गेलं. शेवटच्या चिंचा सोलून आईनं मूठभर चिंचोके गंगाखेडला माझ्या घरी आणले आणि गच्चीवर सुपात वाळत घातले. "पाऊस पडला की लावू," म्हणाली. तिच्या झाडाचं तेवढंच काय ते उरलं होतं.

पण गच्चीवर एक खार यायची. सुपातला एक चिंचोका उचलायची आणि शेपटी उडवत पसार व्हायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. खारी बिया लपवतात, काही विसरतात आणि त्यातूनच झाडं उगवतात, हे दरवर्षी मोठ्या कौतुकानं सांगते. घरी मात्र त्याच खारीमागे चप्पल घेऊन धावले. शेजारीण हसून बेजार झाली. उरलेले चिंचोके मी डब्यात घातले, घट्ट झाकण लावलं आणि स्वतःवरच भलती खूश झाले.

पाऊस सुरू झाला. एका ओल्या दुपारी काहीतरी कुरकुरीत खावंसं वाटलं म्हणून डबा उघडला. चिंचोके दिसले की तव्यावर टाकायचे, ही लहानपणापासूनची सवय. डोकं चाललंच नाही. घरभर खमंग वास सुटला. शेवटचा चिंचोका चावत होते, तेवढ्यात आई दारात आली.

"काय खायलीस?"

मी रिकामा डबा तिच्यापुढे धरला. आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाण्याची बोंब म्हणून गच्चीवरच्या कुंड्या उन्हाळाभर कोरड्याच होत्या. पंधरवड्यानं सहज वर गेले, तर कोरफडीच्या कुंडीत एक कोंब, डोक्यावर चिंचोक्याचं टरफल घेऊन उभा. वाळल्या मोगऱ्यात दोन. कुलरच्या फुटक्या टपातल्या मातीत आणखी एक. मी वेड्यासारखी हसत सुटले आणि आईला हाताला धरून वर आणलं.

आई कुंडीपाशी उकिडवी बसली. एकेक कोंब हलक्या हातानं चाचपून पाहिला.

"तुज्यापरीस खारीला लय अक्कल हाय," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग मला खाली पिटाळलं, खारीसाठी भुईमुगाच्या शेंगा आणायला.

शेंगा सुपात ओतताना मी म्हटलं, "आई, चिंचा धरायला दहा वर्षं तरी लागतील. शिवाय गोड निघतील का आंबट, कुणाला ठाऊक?"

आई शहात्तर वर्षांची आहे.

"खाऊन बघू की," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"