आईच्या फोनवरचे लाल ठिपके

जिंतूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी हलली तरी आई खिडकीतून डबा आत ढकलत होती. वनस्पती तुपाचा पाच किलोचा पिवळा, कडीवाला डबा. तो आडवा बसेना, उभा बसेना. शेवटी कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली, डबा दारातून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवत म्हणाला, "पुण्यातली दुकानं बंद पडली का काय?" सगळी गाडी हसली. मी इतका शरमलो की आईकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ती खालून ओरडत होती, "खात राह्य, लेकरा. उपाशी निजू नको." आठ वर्षं झाली त्याला. आईचं दुसरं कुठलं सांगणं मी इतकं मनावर घेतल्याचं आठवत नाही.

जिंतुरात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पुण्यात येऊन पडलेल्या, अशा दोन्हीकडच्या माझ्या माणसांना हा डबा माहीत आहे. दर पंधरा दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली व्हायचा, सकाळी पुण्यात संगमवाडीच्या थांब्याला उतरायचा. त्यात गुळाच्या तळलेल्या तेलच्या, शेंगदाण्याचे लाडू, धपाटी, चिवडा. आणि परत पाठवताना तो रिकामा पाठवायचा नाही, हे आईने बजावून सांगितलेलं. काही नसलं तर मूठभर साखर घाल, पण रिकामा डबा घरी येऊ देऊ नको. मी कधी बाकरवडी घालायचो, कधी खरंच साखर.

साखर हा शब्द आमच्या घरात तसा जड आहे. मी पुण्याला येण्याआधी दोन वर्षं अण्णा गेले, माझे वडील. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग माणूस. शेवटच्या वर्षी ते लहान मुलासारखे लाडू मागायचे. आई द्यायची आणि पाठ फिरवून रडायची.

सदाशिव पेठेतल्या खोलीत आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहायचो. मालक वयस्कर, बोलायला अतिशय आदबशीर. मी आलो तेव्हा काटकुळा होतो, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. चौथ्या वर्षी एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "अहो, आपण वर जाताय ते उत्तम. पण जिना खाली येता कामा नये." खोलीतल्या पोरांनी ते वाक्य महिनाभर पुरवलं. मीही हसलो. मग कोथरूडच्या ऑफिसात नोकरी मिळाली, जवळच एक वन आरके घेतला आणि हसायलाही कोणी उरलं नाही. दिवसभर हेडफोन लावून कस्टमरच्या तक्रारी ऐकायच्या, साडेचारला चहा-समोसा, घरी येताना फोनवरूनच जेवण मागवायचं. येताना साठ किलो होतो, सातव्या वर्षी ब्याण्णव. त्यात दर पंधरवड्याला डबा होताच. एकट्या खोलीत तो उघडला की मला थांबताच यायचं नाही. भूक नसायची. घरची आठवण यायची, आणि हात डब्याकडे जायचा.

ऑफिसच्या तपासणीत शुगर बॉर्डरवर निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडिलांचं काय झालं होतं?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तुमच्या वयाच्या मुलांसाठी आम्ही एक सोपा ऑनलाइन कार्यक्रम करतो, त्यात या. मी म्हटलं, मॅडम, कॅलरीचं ॲप दोनदा घेऊन दोनदा काढून टाकलंय. वाटी मोजा, ग्रॅम मोजा, आमटीत तेल किती ते मोजा. आणि 'धपाटं' शोधलं तर ते मला पॅनकेक दाखवतं. त्या हसल्या. "इथे मोजायचं काहीच नाही. तळलेलं, गोड, मैद्याचं, तेला-तुपाचं खाल्लं की एक लाल ठिपका दाबायचा. भाजी, वरण, भाकरी, काही लिहायचं नाही. फक्त लाल कमी करत जायचं."

इतकं सोपं होतं. फक्त एक अट होती: आपलं भलं चिंतणारा एक माणूस निवडायचा. रोज संध्याकाळी साडेसातला आपले ठिपके त्याच्या फोनवर जातात. बाकीच्या पोरांनी बायको, मैत्रीण, जिमवाला मित्र असे लोक निवडले. मी आईचा नंबर दिला. माझं भलं चिंतणारं दुसरं कोण आठवणार?

पण शुगरचं तिला सांगायची माझी छाती झाली नाही. अण्णांचं सगळं तिने निस्तरलेलं. मी फोनवर म्हणालो, "आई, मी जेवलो की नाही ते तुला कळावं म्हणून हे आहे. लाल ठिपका आला की समज, पोटभर झालं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "नाहीतर तू नुसतं हो-हो म्हणतोस."

पुढे जे झालं त्याला माझ्याशिवाय कोणी जबाबदार नाही. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच ठिपके गेले. आई खूश. गल्लीत चार बायकांना दाखवून आली की पुण्यात माझं पोरगं उपाशी नाही. तिसऱ्या आठवड्यात मी नेट लावला. दोन दिवस एकही लाल नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.

"आजारी पडलास का रे? दोन दिवसांपासून ठिपका नाही. जेवायलास का नाही?"

"जेवतोय गं."

"मग ठिपका कुठाय?"

त्याच आठवड्यात वेळेआधी डबा आला. गच्च भरलेला, वर कापड बांधलेलं. मी तो कपाटावर ठेवला, मग टेबलावर, मग मांडीवर. तीन तेलच्या खाल्ल्या आणि इमानदारीने तीन ठिपके दाबले. संध्याकाळी फोनवर आईचा आवाज असा फुललेला की ठिपक्यांचा खरा अर्थ सांगायचा राहूनच गेला. ठिपके घटले की डबा यायचा, डबा आला की ठिपके वाढायचे. मॅडम ऑनलाइन विचारायच्या, "तुमचा सोबती तुम्हाला प्रोत्साहन देतो का?" मी लिहायचो, खूपच.

मग अचानक डबा बंद झाला. महिना गेला, सव्वा महिना गेला. फोनवर आई दुसरंच काही बोलायची. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी चक्क रुसलो. डबा नाही म्हणून बाहेरून मागवून खाल्लं आणि त्याचेही ठिपके दाबले. शेवटी दोन दिवसांची सुट्टी काढून डब्यात बाकरवडी घातली आणि जिंतूर गाठलं.

आईने दार उघडलं आणि आधी मला तिच्या बांगड्या दिसल्या. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ब्लाउज खांद्यावरून ढळत होता. मला तिने वाढलं ते नीट, भेंडीची भाजी, भाकरी, कमी तेलाचं. स्वतःच्या ताटात कोरडी भाकरी आणि फोडणी न दिलेलं वरण घेतलं.

"हे काय?"

"तेल सोडलंय. गोड पण."

"कशापायी?"

"तुझा रक्ताचा कागद चांगला येईस्तोवर."

चुलतभावाची बायको, आमची वहिनी, नर्स आहे. एका बारशात आईने तिला कौतुकाने फोन दाखवला होता आणि वहिनीने लाल म्हणजे काय आणि हे ॲप शुगरवाल्यांना देतात, ते सांगून टाकलं होतं. मग आईने मला विचारलं नाही, माझ्याशी भांडली नाही. आमच्याकडे लेकरासाठी काहीतरी सोडायची पद्धत आहे. माझ्या आत्याने मुलाच्या नोकरीसाठी सहा वर्षं वांगं सोडलं होतं. आईने अख्खं लाल सोडलं. वहिनीकडून स्वतःच्या फोनवर तेच ॲप टाकून घेतलं आणि मला दोन्ही पानं दाखवली. तिचं पान कोरं करकरीत. माझं पान गोवर उठल्यासारखं.

मी चिडलो. आवाज चढवला. म्हणालो, तू सोडून माझी शुगर उतरते का? हे काय खूळ आहे? आत्ता येताना वाटेत वहिनी सांगत होती, गेल्या आठवड्यात तू नळावर चक्कर येऊन बसलीस.

आई भाकरीचा तुकडा वरणात भिजवत राहिली. मग म्हणाली, "अण्णांच्या वक्ताला म्या काही सोडलं नाही. ते मागायचे, मी द्यायचे. तुला तर न मागता पाठवलं. आता तरी सोडू दे."

मी तेलाची बरणी उचलली आणि चमचाभर तिच्या वरणात घालायला गेलो. तिने ताटावर हात धरला. तो हात बाजूला करण्याइतकी ताकद माझ्या ब्याण्णव किलोंत नव्हती.

"मी सोडतो, आई. तू खा."

"तू सोड ना मग. मी कुठं नको म्हणायले?"

परतीच्या दिवशी ती स्टँडवर आली, डबा घेऊन. या वेळी तो खिडकीतून सहज आत आला. हलका होता. खाली उभी राहून ती काहीच ओरडली नाही. गाडी हलल्यावर झाकण उघडलं, तर तळाशी मूठभर ज्वारी. मी लगेच फोन लावला. म्हणाली, "साखर कशी घालू आता? आणि रिकामा तर देता येत नाही."

तो डबा इथे कोथरूडला ओट्यावर आहे. ज्वारी तशीच आहे; मूठभर ज्वारीचं मी काय करणार, दळायलाही कोणी घेत नाही. पूर्वी कोणी विचारलं, घर कुठलं, तर मला ट्रॅव्हल्समधून उतरणाऱ्या डब्याचा तेलकट वास आठवायचा. आता मला एक ताट आठवतं, आणि त्यावर धरलेला हात. मी इथे काय खातो त्यावर तिथे ते ताट ठरतं. रक्ताची पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. फोनवर खोटं चालतं, कागदावर चालणार नाही, हे मला कळतं. कळून काही होत नाही.

काल साडेचारला मी समोसा खाल्ला. पाच दिवस टाळला होता, काल खाल्ला. मग बोट ठिपक्यावर धरून बसून राहिलो आणि तसाच फोन खिशात टाकला. साडेसातनंतर आईचा फोन आला. जेवलास का, हे ती आता विचारत नाही.

"आज किती?"

"एकही नाही."

"बघ, जमायलंय तुला," ती म्हणाली. आवाज बारीक झालाय तिचा. "माझं पण एकही नाही."