जावयाचा लॅपटॉप आणि टेबलावरच्या दोन पट्ट्या

मशीन दुरुस्त करणारा माणूस भुताखेतावर विश्वास ठेवायला लागला तर त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा, असं माझं मत होतं. अजूनही आहे. मशीन बंद पडतं त्याला कारण असतं... आपल्याला सापडत नाही एवढंच. म्हणून हे इथं लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले. माझं शिक्षण नववी, तीही अर्धी. चुका सांभाळून घ्या. आणि हसायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग हसा.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची, मराठवाड्यातल्या वसमतची. मी मूळचा सांगलीकडचा. चुलते वसमतजवळच्या साखर कारखान्यात फिटर होते, शाळा सुटल्यावर त्यांनीच मला तिकडं नेलं. पुढं ते दुसऱ्या कारखान्यावर गेले, मी मात्र राहिलो. मोंढ्याच्या, म्हणजे तिथल्या धान्यबाजाराच्या, रस्त्यावर गजाननभाऊंचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. त्यांनी मला ठेवून घेतलं, मागच्या खोलीत झोपायला जागा दिली. डबा वहिनी पाठवायच्या. सोल्डरिंग गन पहिल्यांदा हातात दिली ती भाऊंनी. माझा हात भाजला तेव्हा घरी नेऊन मलम लावलं तेही त्यांनीच. हे आधी लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणी भाऊंना वाईट म्हणू नये.

पण एक भीती कायम असायची. इथून काढलं तर जायचं कुठं? गावाकडं रान नाही, विद्या अर्धवट. गिऱ्हाईक जरा जोरात बोललं की मी आधी भाऊंकडं बघायचो.

माधवराव हळदीचे अडते. मोंढ्यात त्यांचा शब्द चालायचा आणि भाऊंच्या दुकानाचा गाळाही त्यांचाच. दसऱ्याला त्यांचे जावई पुण्याहून आले होते. जावयांचा लॅपटॉप स्लो चालायचा, तेव्हा सासऱ्यांनी हौसेनं ठरवलं की सणाचं म्हणून त्यात मेमरी वाढवून द्यायची. काम काहीच नव्हतं. रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दात. आत एक जुनी पट्टी होती, शेजारचा स्लॉट रिकामा. तिथं नवी बसवायची की झालं. पाच मिनिटांचं काम.

तो दिवस नेमका खंडेनवमीचा. सकाळीच भाऊंनी टेबलावर पान्हे, पकडी, मल्टीमीटर मांडून पूजा केली होती, हळद-कुंकवाची वाटी तिथंच होती. माधवराव स्वतः लॅपटॉप घेऊन आले, चालू करून दाखवला, खुर्ची ओढून बसले. मी बंद केला, बॅटरी काढली, खालचं झाकण उघडलं, जुनी पट्टी काढून हातात धरली. नवी पाकिटातून काढली तर माधवराव म्हणाले, आण इकडं, हिला हळद-कुंकू लावल्याबिगर आत घालायची न्हाई.

मी म्हणालो, मालक, झाकणाला लावू, हिला नको.

"हळदीचंच खातो आमी," माधवराव म्हणाले. "तिला न लावता कोणची वस्तू घरात न्यावी?"

भाऊंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. माधवरावांचा अंगठा तसाही बारमाही पिवळा, त्यांनी तो वाटीत बुडवला आणि दाबला तो थेट सोनेरी दातांवर. मग माझ्या हातातली जुनी पट्टीही ओढून घेतली. म्हणाले, हिनं काय पाप केलं? तिलाही लावलं. भाऊ हसले. मीपण हसलो. त्या दिवशी हसलो ते तेवढंच.

दोन्ही पट्ट्यांचे दात खोडरबराने घासले, ब्रश मारला, बसवल्या. बटण दाबलं... स्क्रीन काळी. नुसते बीप. म्हणजे मशीनला मेमरी दिसत नाही. नवी काढून एकटी जुनी लावली — बीप. एकटी नवी — बीप. स्लॉट बदलले, हवा मारली, बॅटरी काढून बटण दाबून धरलं. बीप. मग दोन्ही पट्ट्या दुकानातल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितल्या तर तो मुकाट चालू! म्हणजे पट्ट्या चांगल्या. स्लॉट पूर्ण रिकामे ठेवूनही या लॅपटॉपचं बटण दाबून बघितलं होतं. बीपच. हे लक्षात ठेवा.

तोवर माधवरावांना घरून दोनदा फोन येऊन गेला होता. जेवायची ताटं खोळंबली होती आणि जावई विचारत होते. जावयाची वस्तू सासऱ्याच्या हातून बिघडली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांचा आवाज चढत गेला. सकाळी पाव्हण्याच्या हातून चालू मशीन घेऊन आलो, तुमच्या डोळ्यांदेखत चालू केलं, आता काहून चालत न्हाई? मी स्लॉटमध्ये हळदीची पूड गेली असेल असं म्हणालो. ते ऐकून तर भडकलेच.

"म्हणजे हळदीनं बिघडलं व्हय? गजानन, परमुलखातलं पोरगं ठेवून राहिला तू. जुनी पट्टी बदलली ह्यानं. बराबर वळखतो मी असले."

भाऊ माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. काही केलंस का?"

माधवरावांचं मला काही वाटलं नसतं. पण हे भाऊंनी विचारलं.

मी दोन्ही पट्ट्या काढल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. दात घासले होते तरी वरच्या हिरव्या भागावर पिवळ्या अंगठ्याचा ठसा दोन्हीवर तसाच होता. म्हणालो, मालक, बघा, तुमचाच अंगठा. ह्याच त्या पट्ट्या, मी बदललेली नाही. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बॅटरी लावलेली होती. त्यांनी लॅपटॉप सुलटा करून स्वतःच्या पुढ्यात ओढला, मीच बघतो म्हणाले, आणि बटण दाबलं.

बीप वाजलाच नाही.

आधी कंपनीचं चिन्ह आलं, मग विंडोज, मग जावयांचा फोटो — बायको आणि मांडीवर लेकरू. सकाळपेक्षा जलद. माझा हात आपोआप पुढं गेला, माय कॉम्प्युटरवर प्रॉपर्टीज उघडली. मेमरी दोन जीबी. एक जुनीची, एक नवीची. आणि दोन्ही पट्ट्या माझ्या कोपराशी वर्तमानपत्रावर.

मी म्हणालो, "भाऊ, पट्ट्या बाहेर आहेत."

भाऊंनी वर्तमानपत्राकडं बघितलं. नजर तिथं थांबली, हे मी शपथेवर सांगतो. मग माधवरावांकडं बघितलं.

"दम दिल्याबिगर चालत न्हाई," माधवराव समाधानानं म्हणाले. "मशीन काय अन् माणूस काय."

मी लॅपटॉप उचलून खालची बाजू दाखवणार होतो. भाऊंनी माझा हात धरला. चालू लॅपटॉप त्यांनी स्वतः एका कडेनं उचलला, झाकण लावलं, दोन्ही स्क्रू पिळले. दुसरा स्क्रू त्यांच्या हातून खाली पडला, तो शोधून परत लावला. म्हणजे आत बघितल्याशिवाय झाकण लावलं असेल असं होत नाही. मग लॅपटॉप मिटून माधवरावांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मालक, तकलीफ झाली तुमाला. हे लेकरू आता इथं ऱ्हाणार न्हाई."

मी त्याच दुपारी परभणीच्या एसटीत होतो. वहिनींनी भाकरी बांधून दिल्या. पट्ट्या तशाच टेबलावर होत्या.

आता तुम्ही म्हणाल, काही लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच असते. त्यात नव्हती, आणि असती तर आधी रिकामा ठेवल्यावर बीप का वाजला? काहींमध्ये दुसरा स्लॉट कीबोर्डखाली असतो. त्या मॉडेलला दोन्ही खालीच होते. पुढं तसलेच कितीतरी मी उघडलेत. आता इंदूरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, हाताखाली पोरं आहेत, पोट भरतंय. ते भाऊंनी शिकवलं म्हणूनच, हे विसरत नाही. इथल्या इंजिनिअर लोकांना विचारलं. कुणी म्हणालं, तू घाबरलेला होतास, नीट बघितलं नसशील. घाबरलेला होतोच. पण आंधळा नव्हतो.

तक्रार घेऊन माधवराव परत आले नाहीत. जावयांचा लॅपटॉप पुढं बरीच वर्षं चालला, असं वहिनींकडून कळलं. कशावर चालला, ते मला आजही सांगता येत नाही.

मागच्या दसऱ्याला भाऊंना फोन केला. तब्येत विचारली, दुकान विचारलं. मग इतक्या वर्षांनी धीर करून म्हणालो, भाऊ, झाकण तुम्हीच लावलं होतं. आत काही होतं का?

पलीकडून मोंढ्यातल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"सांगलीकर," भाऊ म्हणाले, "जेवला का?"

जेवलो म्हणालो.