नदीकाठची, देवळाजवळची, फुकटची खोली

माझ्या आत्याला मी एकदा परदेशात मरायला नेऊन ठेवलं होतं. नदीकाठी, देवळाजवळ आणि फुकट.

हे वाचून कुणी पोलिसात जाण्याआधी सांगतो, की माझा हेतू चांगला होता. (माझा हेतू नेहमीच चांगला असतो, आमच्या घरात सगळ्यांना भीती वाटते ती त्याचीच.)

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची. मी तेव्हा पुणतांब्याला हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. आत्या लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली, तिनंच मला वाढवलं. सहा-सात वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला, वैद्यानं हात टेकले, तेव्हा आत्यानं नवस केला की पोरगा वाचला तर गोदावरीचं पाणी नेऊन पशुपतिनाथाला घालीन. आता आमच्या पंचक्रोशीत महादेव काय कमी आहेत? पण त्या आठवड्यात गावात नेपाळहून फिरून आलेला एक गोसावी उतरला होता, त्याच्या तोंडून ऐकलेलं नाव तिच्या तोंडात आलं. मी वाचलो. नवस मात्र वर्षानुवर्षं तसाच राहिला.

"दत्तू, द्येव थांबंल रं," आत्या एक दिवस म्हणाली, "पन मी किती थांबू?"

हे ऐकून मला फार लागलं. त्याच दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं. मी, बायको मंगल, मुलगी बेबी आणि आत्या. नेपाळ म्हणजे परदेश! शिक्षकांच्या खोलीत मी हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की ड्रॉइंगचे मास्तर मला बघून व्हरांड्यातूनच परत फिरू लागले.

प्रश्न होता उतरायचं कुठं. काठमांडूत आमचं ओळखीचं कुणी नव्हतं. तेव्हा प्रत्येकानं आपली अट सांगितली.

"मला जिना नगं," आत्या म्हणाली. "आन् नदी जवळ पायजे. उठलं की घाटावर जाता आलं पायजे."

"स्वस्त पायजे," मंगल म्हणाली. "आन् स्टो पेटवू देनारे पायजेत. मी काय तिथलं खानार न्हाई."

माझी अट देवळाजवळची. पुणतांब्यात घराची किंमत घाटावरून ठरते. घाटाला जितकं जवळ, तितकं घर चांगलं: आंघोळ झाली, धुणं झालं, देवदर्शन झालं, गावगप्पा झाल्या. आमच्या घराच्या खिडकीतून घाटाच्या पायऱ्या दिसतात, आणि त्याचा आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माज आहे. जगात सगळीकडे घाट म्हणजे हेच, असं मी भूगोलाचा मास्तर असूनही धरून चाललो.

मनमाडला गाडी बदलली, पुढं बदलतच राहिलो आणि सरहद्दीवरच्या रक्सौलला पोचेपर्यंत आत्या ठणठणीत होती. मांडीवर लाखेनं तोंड बंद केलेला तांब्याचा गडू, आत गोदावरीचं पाणी. डब्यातल्या प्रत्येकाला ती सांगायची, "माज्या दत्तूचं हाय." पण पुढं डोंगरातली मोटार लागली आणि पहिल्याच वळणाला आत्याच्या पोटात ढवळलं. तशी वळणं संध्याकाळपर्यंत होती. काठमांडूत उतरवली तेव्हा तिच्यात राम उरला नव्हता.

पहिलं हॉटेल बघितलं, तिथला माणूस इंग्रजीत बोलला, तेवढ्यावरूनच भाव कळला. दुसरी जागा स्वस्त आणि शहराच्या ऐन मध्यात, पण आत लांब केसांचे, अनवाणी गोरे तरुण-तरुणी भिंतीला टेकून धूर सोडत बसलेले. आत्यानं एक डोळा उघडला.

"घरनं हाकललंय का काय ह्यास्नी? मंगल, दशमी दे त्यास्नी."

मंगलनं पोरीचे डोळे झाकून काढता पाय घेतला. तिसऱ्या जागेला जिना नव्हता, शिडी होती. शेवटी मी एक टॅक्सी थांबवली आणि माझ्या हिंदीत सगळ्या अटी एका दमात सांगितल्या.

"देखो, हमको नदी के काठपे मंगता. घाट के एकदम बाजूमें. पशुपतिनाथ के पास. खालचा मजला. और सस्ता. बुढ्ढी के लिए."

टॅक्सीवाल्यानं मागं वळून पाहिलं. आत्याचं डोकं मंगलच्या मांडीवर, डोळे मिटलेले, छातीवर गडू घट्ट धरलेला, ओठ पुटपुटतायत. (उलटी होऊ नये म्हणून ती नामस्मरण करत होती.) मंगल तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती. टॅक्सीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि गाडी इतकी हळू चालवली की आत्याला म्हणे घरच्या बैलगाडीची आठवण झाली. उतरल्यावर भाडंही घेतलं नाही!

"बघितलंस?" मी मंगलला म्हणालो. "माणसाशी बोलावं कसं, हे कळलं पाहिजे."

जागा तर काय सांगू! दारातून दोन ढांगांवर नदी, पलीकडं देवळाचा कळस. दोन माणसं धावत आली, आत्याला अलगद उचलून खालच्या खोलीत नेलं, सारवलेल्या भुईवर निजवलं, उशाशी तुळशीची कुंडी आणून ठेवली. तिथली व्यवस्था बघणारा एक वयस्क माणूस होता, त्यानं आत्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

"अहो," मंगल माझ्या कानाशी लागली, "उशाला तुळस का ठिवली?"

"हवा शुद्ध राहते."

"बाबा," बेबी दारातून ओरडली, "तिकडं जाळ कसला हाय?"

"आंघोळीचं पाणी तापवत असतील. थंडी किती आहे बघ."

मी खोलीचं भाडं विचारलं. व्यवस्थापकानं कानाला हात लावले आणि म्हणाला, इथं पैसे घेत नाहीत. मग हलक्या आवाजात त्यानं विचारलं, किती दिवस वाटतात?

"दो-तीन दिन," मी म्हणालो. "उससे ज्यादा नहीं चलेगा. मेरेको स्कूल है."

त्यानं पुन्हा एकदा कानाला हात लावले आणि निघून गेला.

जरा वेळानं मी आजूबाजूच्या खोल्यांतून डोकावून आलो. प्रत्येक खोलीत एक म्हातारा किंवा म्हातारी अंथरुणावर, आणि भोवती लेकीसुना, मुलं. सगळे हळू बोलणारे, एकमेकांना धरून बसलेले. इतक्या कुटुंबांनी आपापल्या वडीलधाऱ्यांना सहलीला आणलेलं पाहून मला अगदी भरून आलं. मंगलला मी म्हणालोही, की आपल्याकडच्या लोकांनी हे शिकायला पाहिजे.

सपाट भुईवर रात्रभर निजल्यावर आत्याची मोटार उतरली. पहाटे उठून नदीवर अंघोळ करून आली, मंगलनं स्टोव्ह पेटवला, आणि उजाडता उजाडता आत्या मांडी घालून दशमी आणि ठेचा खात बसली. तेवढ्यात व्यवस्थापक एका पुजाऱ्याला घेऊन दारात आला. आत्यानं दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "या, बसा. चा घ्या."

पुजाऱ्याच्या हातातलं पितळी भांडं खाली पडलं, त्याचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले लोक आले, त्यांच्यामागं त्यांच्या शेजारचे. सगळे आत्याकडे आणि तिच्या उशाशी ठेवलेल्या गडूकडे बघायला लागले. व्यवस्थापकानं हात जोडून विचारलं, "माताजी को क्या दिया?"

"ठेचा," मी म्हणालो.

"उस लोटे में क्या है?"

"गोदावरी का पानी."

आणि दारासमोर रांग लागली! कुणी वाटी आणली, कुणी पळी, कुणी नुसतीच ओंजळ पुढं केली. मी गडबडून व्यवस्थापकाला बाजूला घेतलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. ही जागा अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसाठी होती. घरचे लोक त्यांना इथं आणतात, शेवटी घाटावर नेतात, पाय नदीत ठेवतात आणि नंतर तिथंच... मी वळून घाटाकडे बघितलं. आंघोळीचं पाणी कुणीच तापवत नव्हतं.

मंगलच्या हे सगळं माझ्याआधी लक्षात आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं तसंच, पण आता अपेक्षाभंग पूर्ण झाला होता.

"निगा इथनं," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

आता आत्याला कोण सांगणार? मीच सांगितलं. जमिनीकडे बघत, अडखळत, हवा, तुळस आणि मोक्ष असे शब्द मधेमधे घालत.

"म्हंजी मला मरायला आनलंस व्हय रं?"

"तसं नव्हे आत्या, मला वाटलं..."

"आन् त्ये बी फुकाट!"

आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, ठेच्याचा ठसका लागला, मंगलनं पाठ चोळली. मग डोळे पुसताना तिचं लक्ष दारात गेलं. पहिल्या नंबरला एक बाई उभी होती, हातात रिकामी वाटी. तिची आई पलीकडच्या खोलीत होती. आत्याचं हसू थांबलं. तिनं गडू मांडीवर घेतला.

"आत्या, लाख फोडू नकोस," मी म्हणालो. "देवाचं पाणी आहे. एवढ्या लांबून आणलंय." (आणि नवस माझ्या जिवाचा होता. भूगोलाच्या मास्तरांनाही जीव असतो.)

"सांग त्या बाईला," आत्या म्हणाली, "ह्या पान्यानं कुनी उठत न्हाई. मला नुसती मोटार लागली हुती."

मी माझ्या हिंदीत सांगितलं. ती बाई म्हणाली, मला ठाऊक आहे. आई उठावी म्हणून नाही मागत. जाताना तिचं तोंड कोरडं राहू नये, एवढंच.

मी ते आत्याला सांगितलं. दाराच्या उंबऱ्यावर गडू आपटून तिनं लाख फोडली, पदर खोचला आणि त्या बाईमागून निघाली. मी हातात झाकण घेऊन तिच्या मागं. एकेका अंथरुणापाशी ती बसायची, कपाळावर हात ठेवायची, पळीनं थोडं पाणी ओठांत घालायची आणि आपल्या बोलीत काहीबाही बोलायची. "सावकाश जा बरं का." "लेक हाय जवळ." कुणाला एक अक्षर कळत नसणार, पण एका म्हाताऱ्यानं तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मी झाकण पुढं धरून पळीतून ओघळलेले थेंब झेलत राहिलो.

गडूच्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं. ते घेऊन आम्ही देवळात गेलो. पुजाऱ्यानं गडू आत नेला, रिकामा करून परत आणून दिला.

"आत्या, पुरलं का गं?" मी विचारलं. मला खरंच भीती वाटत होती.

"द्येवाला काय कमी हाय? त्याच्या दारातनं नदी जाती," ती म्हणाली. आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितलं, ताप बघतात तसा. "फिटला नवस."

आमच्या खोलीसाठी दुसरं कुटुंब तिष्ठत होतं, म्हणून आम्ही लगेच ती सोडली. उरलेला मुक्काम केसाळ गोऱ्यांच्या लॉजमध्ये. ठेचा खाऊन त्यातला एक जण इतका रडला, की बाकीच्यांना त्याला साक्षात्कार झाल्यासारखं वाटलं. ते रोज आत्याच्या पाया पडायचे.

गावी परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, जागा नदीकाठी होती, देवळाजवळ होती, फुकट होती. यात एक शब्द खोटा नव्हता. पण आत्यानं घाटावर धुणं धुताना बाकीचं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून गावात कुणी सहलीला निघालं, की मी दिसताच रस्ता बदलायचं.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही तिला घाटाकडच्या खिडकीखाली निजवलं. मंगलनं उशाला तुळस आणून ठेवली. मी पळीनं आत्याच्या ओठांत गोदावरीचं पाणी घातलं आणि कपाळावर हात ठेवून बसलो. मला रडू आवरत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, खिडकीतून नदी बघितली, तुळस बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"दत्तू, जागा ब्येस हाय रं," ती म्हणाली. "तू शोधली न्हाईस न्हवं?"

"नाही आत्या. आपलं घर आहे. आज्यानं बांधलंय."

"मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि निवांत डोळे मिटले.