शेवाळमावशीचे बाथटब

आमच्या बोरिवलीच्या गावठाणात बाथटब होते फक्त शेवाळमावशीकडे. तेही दोन, आणि दोन्ही अंगणात! पाडलेल्या बंगल्यातून उचलून आणलेले. त्यांत ती गाईसाठी अझोला वाढवायची, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी पानं. लोकांना ते शेवाळच वाटे, म्हणून हे नाव. खरं नाव फिलोमिना. "यात शेट न्हायचे, आता गाईचा चारा न्हातो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवून ती स्वतःच खो-खो हसायची.

माझी तिची गाठ पडली ती आमच्या चंद्रीमुळे. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर चंद्रीच्या दुधावर. दिवाळी सरली, हिरवं गवत वाळलं आणि नुसत्या पेंढ्यावर गाय आटत चालली. सासूबाईंनी तर गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. मावशीच्या कुंपणाशी उभी राहून मी रडले, खोटं कशाला बोलू? तिने ओंजळभर अझोला माझ्या हातात कोंबला. "विरजण समज. उथळ पाण्यात सोड, थोडं शेण कालव, सावली धर. वाढला की रोज थोडा काढ, सगळा ओरबाडू नको."

वाढला बाई झपाट्याने! पण चंद्रीने हुंगला आणि तोंड फिरवलं. म्हटलं, लागली वाट. धावत मावशीला बोलावून आणलं.

"धुतलास का गो? शेणाच्या वासाचं तू तरी खाशील? ज्या पाण्याने आपण तोंड धुणार नाही, त्यातलं गाईला घालायचं नाही."

पाणी नितळ होईस्तोवर तिने तो धुतला, भुशात कालवला आणि चंद्रीपुढे बसून राहिली. चंद्रीने आधी नखरे केले, मग पाटी चाटूनपुसून साफ! दूध काही धो-धो वाढलं नाही, पण आटायचं थांबलं. चंद्री घरीच राहिली. मावशीचे हे उपकार मी कधी विसरायची नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बांधकामाचं सिमेंटचं पाणी वरून मावशीच्या अंगणात, थेट टबांत सांडलं. दोन्ही टबांतला अझोला मेला. मावशी टब घासत बसलेली. मी घरून पाटीभर अझोला नेला. "मावशी, हे तुझंच विरजण."

तिने डोळे पुसले, पाटी नाकाशी नेली. "धुतलास का गो?"

उन्हाळ्यात मावशी गेली. तिची गाय आता चंद्रीशेजारी बांधलेली असते. रोज सकाळी मी दोघींसाठी अझोला धुते, आणि वेडी म्हणा हवं तर, शेवटच्या पाण्याने आधी माझं तोंड धुते.