रजईत पिकवलेली पपई

ताई, रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा तू ढसाढसा रडलीस आणि माझ्या डोळ्याला टिपूस नव्हतं, हे तू इतकी वर्षं ऐकवतेस. अगं, रडायला हात मोकळा कुठं होता? एका कडेवर दीड वर्षाची बेबी आणि दुसऱ्या हातात अप्पांनी ऐन वेळी कोंबलेली पपई. आई ओरडून सांगत होती, "परक्या गावात आजारी तेवढं पडू नका, बाकी काय वाट्टेल ते करा." आणि अप्पांचं पपईपुराण चाललेलं: डोळा पडलाय, मुंबईत कापू नकोस, जयपूरला पोचेपर्यंत पिकेल. डोळा म्हणजे पपईच्या बुडाशी उमटणारा पिवळा डाग, हे आपल्या चौलात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती पपई बडोद्यापाशी कुणाच्या तरी ट्रंकेखाली चेंगरली. यांच्या धोतराचा पार चिखल झाला आणि मी डब्यातच हसत सुटले. तेव्हा हसू येत असे.

छप्पन्न-सत्तावन्नची गोष्ट. यांची बदली जयपूरच्या सरकारी हिशेब कचेरीत झाली होती. बनी पार्कात दोन खोल्या मिळाल्या. मालकीणबाई खालीच राहायच्या, त्यांना आम्ही भाभीजी म्हणत असू. तुम्हां चौलकरांना वाटायचं मी राजवाड्यात राहते. इथं उन्हाळ्यात पोळीत वाळू कचकचायची आणि थंडीत खोबरेल तेलाचा दगड व्हायचा. नारळ तर देवापुरताच. हिंदी माझी अशी, की भाजीवाला भैयाच माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करी. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी गाव सोडलंच नाही, त्यांना सांगून कळायचं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात यांना कावीळ झाली. आधी डोळे, मग नखं, मग सगळा माणूसच पिवळा. डॉक्टर म्हणाले, तेलतूप बंद, पोटात काहीतरी जायला हवं. पण जाईल तर शपथ. पेज दिली की उलटून पडायची, उसाचा रस दिला की तोंड फिरवायचे. महिना झाला, हातांच्या नुसत्या काड्या राहिल्या. कचेरीतले लोक येऊन दारातूनच परत जाऊ लागले. मीही हातपाय गाळले. चूल पेटवणं सोडलं, वेणी घालणं सोडलं. बेबीला भाभीजी जेवू घालायच्या आणि मी यांच्या उशाशी बसून श्वास मोजायची. माणूस जाणार, हे मला दिसत होतं, आणि मी तिथंच बसून होते.

एका सकाळी हे म्हणाले, "विमल, पपई मिळेल का गं?"

महिन्याभरात यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू. मी तशीच उठले, तोंडावर पाणी मारलं आणि चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या बाजारात, गेले. ऐन थंडीत पपया कुठल्या असायला? दुकानामागून दुकान फिरले. एका म्हाताऱ्या फळवाल्याकडे दोन निघाल्या, हिरव्यागार, दगडासारख्या. मी नख मारून पाहिलं. घट्ट पांढरा चीक आला तर ती जन्मात पिकत नाही, पाण्यासारखा पातळ आला तर आशा आहे. दोन्हींचा पातळ आला. त्या छातीशी धरून मी परतले. वाटेत कितीतरी दिवसांनी मला भूक लागली, ते आठवतं.

पहिली अप्पांच्या पद्धतीनं कागदात गुंडाळून धान्यात पुरली. आपल्याकडे तांदळाच्या कणगीत हात घातला तर ऊब लागते. इथली गव्हाची कोठी पत्र्याची, फरशीवर ठेवलेली, आत बर्फ. माझ्या डोक्यात चौलच. तीन दिवसांनी काढली तर काळे डाग, आणि कापली तर आत पांढरी, कडूजहर, सडकी. मी कोठीशी बसून हंबरडा फोडला. एक पपई आणि एक नवरा, दोन्ही हातचे चालले होते, आणि सांगायला आपलं माणूस एकही नव्हतं.

मग दुसरी मी रजईत घेतली. खरंच सांगते, बाळंतीण पोराला घेते तशी पोटाशी धरून निजायची. दिवसा गरम पाण्याची बाटली तिच्या कुशीत सारायची. भाभीजी म्हणाल्या, "मुर्गी हो गई हो क्या, बहूजी?" मी हसले नाही तशा त्या खाली गेल्या आणि पेटती शेगडी आणून दाराशी ठेवून गेल्या.

रोज सकाळी यांचा तोच प्रश्न. "पिकली का?"

"डोळा मोठा झालाय," मी सांगायची. "आज बुडाशी अंगठा दबतोय." हे डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "तू चार घास खाल्लेस ना? ताकद नसेल तर ऊब कशी लागेल तिला?" मग मी खायची. पपईसाठी म्हणून खायची. पपई निम्मी पिवळी झाली त्या दिवशी मी म्हटलं, "आता राहवत नाही, कापतेच." तर म्हणाले, "घाई नको करू. नीट पिकू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना झापड आली, ती उतरलीच नाही. संध्याकाळी गेले.

थोरले दीर, दादा, तार मिळताच निघाले, ते तिसऱ्या दिवशी पोचले. मला आणि बेबीला घेऊनच जायचं म्हणून. माझी रजई घडी घालायला उचलली त्यांनी, तर त्यातून ती निघाली. देठापर्यंत पिवळी. खोलीभर वास सुटला.

"ही कशाला आणलीस?" दादांनी विचारलं.

"यांनी मागितली होती."

दादांनी रजई खाली टाकली. म्हणाले, "त्यानं? अगं, पपईचा वास आला तरी तो पानावरून उठायचा. तुमच्याकडे जावईपणानं गिळत असेल. त्याच्यापायी आपल्या घरात ती कधी आणलीच नाही."

 यांना पपई नको होती. मी उशाशी बसून यांच्याआधी मरत चालले होते ते यांना बघवेना, म्हणून मला जे येतं ते काम मला लावून दिलं. ते जमतं आहे की नाही, मी जेवले की नाही, हे रोज सकाळी विचारत राहिले.

सुतक होतं. मी विळी घेतली आणि दादांच्या देखत पपई कापली. बेबीला भरवली, उरलेली स्वतः खाल्ली. ती गोड होती, ताई. चौलची झक मारेल इतकी गोड. त्या गोडीचा मला इतका संताप आला की खाता खाता मी भिंतीवर मूठ आपटत होते.

दादांना म्हटलं, मी येत नाही. ते रागावले, आई-अप्पांनी बोलणं टाकलं. मी इथल्या शाळेत शिवण शिकवायला लागले. आता बेबी चौदाची आहे, माझ्याशी हिंदीत भांडते आणि चौल कुठं आलं हे तिला नकाशात दाखवावं लागतं. तुम्ही सगळे अजून विचारता, काय आहे तिथं तुझं? काही नाही. दोन खोल्या आहेत. त्यातल्या एकीत एक मरणारा माणूस माझ्या पोटात चार घास जावेत म्हणून रोज खोटं बोलला. ती खोली सोडून मी कुठल्या घरी येऊ?