चैत्रांगणातला सिलिंडर

डिझाईन कॉलेजातल्या पोरांना शेवटच्या वर्षी इंटर्नशिप नावाचं एक व्रत करावं लागतं. उपास पोरांनी करायचा आणि पारणं मालकाने फेडायचं. अनुया हे व्रत जयपुरात करत होती, आणि अगदी मनोभावे करत होती. म्हणून तर तिची गोष्ट सांगताना डोकं तापतं.

तिचे वडील हणमंतराव मूळचे सोलापूरचे. सरकारी बँकेत अधिकारी, त्यामुळे संसार कायम खोक्यांत. आधी इंदोर, मग भोपाळ, आणि आता जयपूर. दुर्गापुऱ्यात भाड्याचा फ्लॅट. पोरगी भांडायची हिंदीत, अभ्यास करायची इंग्रजीत, आणि मराठी बोलायची ती घरात आईशी, तीसुद्धा ‘मतलब’ची फोडणी घालून.

आई म्हणजे इंदुमती. या बाईने प्रत्येक गावात एक गोष्ट मात्र सोडली नाही. चैत्र लागला की दारापुढे चैत्रांगण काढायचं. मध्ये पाळण्यात गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मं, कासव, फणी-करंडा, सगळं रांगोळीत आणि सगळं हाताने. शिवाय तिची स्वतःची एक खोड होती. ज्या गावात बदली होईल त्या गावची एक खूण ती त्यात घालायची. इंदोरचं मक्याचं कणीस आलं. भोपाळच्या तळ्यातला मासा आला. भोपाळला गॅसचं कनेक्शन काही केल्या मिळत नव्हतं, स्टोव्हच्या धुराने बिचारी बेजार झाली होती. ते मिळालं त्या वर्षी कासवाशेजारी गॅसचा सिलिंडरही आला, डोक्यावर कडं, पोटावर दोन पट्टे. हणमंतराव हसले तर म्हणाली, “लक्ष्मी आली तर पावलं काढतो ना? मग गॅस आला तर गॅस काढला, काय बिघडलं?” जयपुरात पतंग आणि मांज्याची चरखी आली.

अनुयाने लहान असताना एकदा विचारलं होतं, “आई, चित्राखाली नाव लिहितात ना? तू का नाही लिहीत?” इंदुमती म्हणाली होती, “रांगोळीखाली कोणी नाव लिहितं का? ती कुणा एकाची नसते.” पोरीने ते मनात धरून ठेवलं. आयांनी जरा जपून बोलावं.

आता इंटर्नशिपचं. शहरात एक कापडछपाईचा स्टुडिओ होता. मालकीणबाई सोनमजी. खादीची साडी, कपाळावर मोठं कुंकू, तोंडात सदा ‘बेटा’. पहिल्याच दिवशी अनुयाला म्हणाल्या, “यहाँ सब परिवार है.” घरचंच समज असं कुणी नोकरीत म्हटलं की ओळखावं, आता राबवून घेणार. तसंच झालं. पार्सलं बांधणं, गिऱ्हाइकांना चहा देणं, सोनमजींच्या कुत्र्याला डॉक्टरकडे नेणं, सगळं या डिझाईन शिकणाऱ्या पोरीच्या गळ्यात. वर विद्यावेतनाचं नाव नाही. का, तर अनुभव मिळतोय! अहो, कुत्रं फिरवायचा अनुभव घ्यायला कॉलेजात जावं लागतं का?

अनुयाने हूं की चूं केलं नाही, कारण तिचे हात दगडाखाली होते. कॉलेजचा नियम असा, की शेवटच्या परीक्षेत स्वतःचं एक तरी डिझाईन दाखवायचं, बाजारात गेलेलं आणि आपल्या नावानिशी गेलेलं. सोनमजींनी शब्द दिला होता, “तू चांगलं काही कर, प्रदर्शनात कार्डावर तुझं नाव लावू.” त्या एका नावासाठी पोरगी राबत होती. हणमंतरावांचंही तेच. “मान खाली घाल आणि काढ दिवस,” म्हणायचे. जन्मभर बदल्या सोसलेला माणूस, दुसरं काय सांगणार?

तर अनुयाने डिझाईन केलं आईच्या चैत्रांगणाचं. कणीस, मासा, कासव, सिलिंडर, चरखी. रात्रंदिवस रेघा काढल्या, सांगानेरला खेपा घालून लाकडाचे ठप्पे कोरून घेतले, गेरूच्या रंगावर पांढरी छपाई करून पाहिली. कापड इतकं देखणं उतरलं की छापणारे कारागीरसुद्धा पुन्हा पुन्हा हात फिरवून बघायला लागले.

सोनमजींना दाखवताना तिने एकेका चित्राची गोष्ट सांगितली. बाईंचं लक्ष मोबाइलमध्ये. ऐकलं असतं तर निदान चोरी तरी नीट केली असती. शेवटी मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, “किसका है ये?” आणि इथे आमच्या पोरीने घात केला. आपण होऊन ‘माझं’ म्हणायचं आपल्या घरात शिकवलेलंच नसतं. ती लाजून म्हणाली, “माँ कहती है, रांगोळी किसी एक की नहीं होती. नीचे नाम नहीं लिखते.”

“सुंदर,” सोनमजी म्हणाल्या. बोका दूध सांडलेलं बघून जसा खूश होतो, तशा खूश झाल्या असणार.

प्रदर्शन आमेरला, एका जुन्या हवेलीत. अनुयाने आईवडिलांना आवर्जून बोलावलं. इंदुमती ठेवणीतली इरकल नेसून आली. आत शिरताच समोर दोरीवर ओढण्याच ओढण्या, आणि त्यांवर तिचं कासव, तिचा मासा. बाईचे डोळे भरून आले. “अहो, आपला सिलिंडर बघा,” ती नवऱ्याला म्हणाली आणि लेकीचं नाव वाचायला कार्डापाशी गेली.

कार्डावर हिंदीत लिहिलं होतं, ‘आमेर के एक पुराने महल की दीवारों से. शोध और रचना, सोनम.’ तिने कार्ड उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

पलीकडे सोनमजी दोन गिऱ्हाइकांना समजावत होत्या, “ये राजघराने का इत्रदान है. रानियाँ इसमें केवड़े का इत्र रखती थीं.” बोट होतं सिलिंडरवर.

अनुया बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हसावं की रडावं हे तिला कळेना, आणि मग दोन्ही बाजूला सारून तिला नुसता राग आला. कुत्रं फिरवलं, पार्सलं बांधली, मूग गिळून बसली, ते ज्यासाठी, तेच या बाईने उचलून स्वतःच्या पदराला बांधलं होतं. तिने ट्रे खाली ठेवला.

“मॅडम, ती अत्तरदाणी नाही. गॅसचा सिलिंडर आहे,” ती हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “भोपाळला आमच्या घरी आलेला. आईने काढलाय. ही काय, इथे उभी आहे. आणि हे डिझाईन मी केलंय.”

गिऱ्हाइकांनी सिलिंडरकडे नीट पाहिलं. एकदा सिलिंडर म्हटल्यावर ते दुसरं काही दिसेना. एकजण खो-खो हसला.

सोनमजी मात्र मुरलेल्या. आवाजात मध घालून म्हणाल्या, “बेटा, तूच म्हणाली होतीस ना? रांगोळी कुणा एकाची नसते. लोककला सगळ्यांची असते. आता नाव कशाला मागतेस?”

बोलली तर होतीच ती. तिने आईकडे पाहिलं.

इंदुमती अशा ठिकाणी कधी तोंड उघडत नसे. तिची हिंदी सोलापुरी, लोक हसतात म्हणून भाजीवाल्याशीसुद्धा कमी बोलणारी बाई. पण ती पुढे आली. “वो मैं बोली थी,” ती म्हणाली. “मेरे दरवाजे की रांगोळी के लिए बोली थी. तुम्हारे दुकान के लिए नहीं. सबकी है ना? फिर वो कार्ड पे तुम्हारा अकेली का नाम कैसे आया?”

उत्तर नसलं की अशा माणसांकडे अधिकार असतोच. “उद्यापासून येऊ नकोस,” त्या अनुयाला म्हणाल्या. “सर्टिफिकेट विसर.”

आणि खरंच दिलं नाही. कॉलेजनेही हात वर केले. स्टुडिओशी आमचे संबंध आहेत, दुसरीकडे पुन्हा इंटर्नशिप कर, परीक्षा पुढच्या वर्षी दे. चोराला सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ओढण्या अजून विकल्या जातात. कार्ड फक्त बदललंय. आता त्यावर ‘प्राचीन लोककला’ असं आहे, नाव कुणाचंच नाही.

आमेरहून परतताना बसमध्ये अनुया खिडकीकडे तोंड करून रडत होती. आता वडील ‘मान खाली घाल म्हटलं होतं ना’ म्हणणार, याची तिला खात्री होती. हणमंतराव तिच्याकडे सरकून बसले. मग म्हणाले, “तो सिलिंडर रिक्षात मांडीवर घेऊन मी आणला होता. माझंही नाव सांगायचंस की गं.” तिला रडता रडता हसू आलं.

मग चैत्र आला. दुर्गापुऱ्यातल्या फ्लॅटपुढे इंदुमतीने सकाळी गेरू सारवून चैत्रांगण मांडलं. पाळणा झाला, कासव झालं, सिलिंडर झाला, चरखी झाली. अनुया उंबऱ्यात बसून बघत होती. यंदा नवं काय घालणार, असं तिने विचारलं नाही. विचारावंसं वाटत नव्हतं.

इंदुमतीने चिमटीत रांगोळी घेतली आणि अगदी खाली, गोपद्मांच्या ओळीनंतर, सावकाश अक्षरं काढली. इंदुमती. ‘म’ जरा वाकडा आला, तो तिने पुसून पुन्हा काढला. एवढ्या वर्षांत या बाईने रांगोळीखाली काही लिहिलं नव्हतं.

“आई,” अनुया म्हणाली, “मतलब, उद्या पुसलं जाईल ते.”

“जाऊ दे,” इंदुमती म्हणाली आणि रांगोळीचा डबा लेकीपुढे सरकवला. “परत लिहू. तुझंही लिही.”